शून्य-ई-सहा

"चूक माझीच झाली, सेन्योर आल्बानो," बेल्मिरा म्हणाली. "तुम्हाला बोल लावायला नाही आले मी. तेवढं फक्त सांगा, त्याला कुठे नेऊन ठेवलंय."

पंचायतीच्या कचेरीतल्या खिडकीसमोर ती उभी होती. आल्बानोने दोनदा खुर्ची दाखवली, तरी बसली नाही. काळा रुमाल हनुवटीखाली घट्ट बांधलेला, नखांमध्ये ओली माती. संतांचा सण चार दिवसांवर आला होता. सणाआधी नवऱ्याची कबर घासूनपुसून ठेवायची म्हणून ती सकाळीच बादली-ब्रश घेऊन दफनभूमीत गेली होती. तिथे कबर नव्हती. संगमरवरी चौकट नव्हती, कुस्तोदियोचा फोटो नव्हता. सपाट केलेली जमीन होती आणि तिच्यावर यंत्राच्या चाकांचे वळ होते.

आल्बानो गोंधळला तो दुसऱ्याच गोष्टीने. बेल्मिरा त्याला आयुष्यभर 'अरे आल्बानो' म्हणत आली होती. तिचा वाल्देमार आणि तो एका बाकावर बसून शिकले. आईची खाणीत दुपारची पाळी असली की तो तिच्याच घरी जेवायचा. आणि आज ती त्याला 'तुम्ही' म्हणत होती.

त्याने पावती मागितली. तिने ती ब्लाउजमधून काढून दिली. फेब्रुवारीत तिने कबरीची मुदत पाच वर्षांनी वाढवून घेतली होती. पावतीवर कबरीचा क्रमांक होता: शून्य-ई-एक. कुस्तोदियोची कबर शून्य-ई-सहा. बेल्मिराला अक्षरं फारशी वाचता येत नसत, तिने ती पावती न बघताच देवघरात ठेवून दिली होती. आज सकाळी वाल्देमारने ती वाचली. सणासाठी म्हणून तो आदल्या रात्रीच सेतुबालहून आला होता. आई, तू सहाच्या ऐवजी एक म्हणालीस, असं तो तिला म्हणाला.

"मी सहाच म्हणाले असेन असं मला वाटत होतं," बेल्मिरा म्हणाली. "पण इथे तर एक लिहिलंय."

आल्बानोने पावती नीट पाहिली. खाली सही त्याची स्वतःची होती. तो मवाळपणे म्हणाला, "होतं असं, मावशी. वय झालं की आकड्यांची गल्लत होतेच. मनाला लावून घेऊ नका."

तिने मान हलवली. "वाल्देमारही तेच म्हणतो," ती म्हणाली.

शोध घेतो आणि दुपारपर्यंत कळवतो, असं सांगून आल्बानोने तिला दारापर्यंत पोचवलं. पायऱ्या उतरताना ती भिंतीला धरून उतरली. याआधी तिने कधी भिंत धरलेली त्याने पाहिली नव्हती.

आल्बानो या गावच्या पंचायतीत सत्तावीस वर्षं कारकून होता. त्याचे वडील संगमरवराच्या खाणीत होते, आई तिथेच दगड घासायची. दोघांची छाती धुळीने भरली आणि दोघं वेळेआधी गेली. खाणीत जायचं नाही एवढंच आल्बानोने लहानपणी ठरवलं होतं, पुढचं काही ठरवलं नव्हतं. कचेरीत संगणक आला तेव्हा त्याला हात लावायला बाकी कोणी तयार होईना. त्याने पुस्तकं मागवून, टपालाने अभ्यासक्रम करून ती विद्या एकट्याने शिकून घेतली आणि दफनभूमीसाठी स्वतःचा प्रोग्राम लिहिला. कोणाची कबर कुठे, मुदत कधी संपते, नोटीस कोणाच्या पत्त्यावर पाठवायची, सगळं त्यात होतं. शेजारच्या दोन पंचायतींतली माणसं तो बघायला आली होती. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात त्याचा फोटो छापून आला होता. लग्न झालं नाही, मूलबाळ नाही. आयुष्यात आपल्या हातून घडलेली एक गोष्ट दाखव म्हटलं असतं, तर त्याने तो प्रोग्रामच दाखवला असता.

तो खुर्चीवर येऊन बसला. मुदत संपलेली कबर उकरून अस्थी क्रमांकाच्या पिशवीत भरून ठेवत; कुस्तोदियोच्या कोणत्या पिशवीत गेल्या ते बघायचं होतं. त्याने 0E6 टाइप केलं.

पडद्यावर शून्य-ई-एक आलं. औषधवाल्या तेलेसची कबर. तेलेस मरून युगं लोटली, दुकान बंद, घराला कुलूप, वारस ब्राझीलमध्ये.

आल्बानो स्वतःशीच हसला. बेल्मिरासारखंच आपलंही झालं, सहाच्या जागी एक दाबलं, असं त्याला वाटलं. त्याने पुसून पुन्हा टाइप केलं, या वेळी प्रत्येक कळ बघून. पुन्हा तेलेस. त्याने नऊ टाकून पाहिलं. तेलेस. तीन टाकून पाहिलं. तेलेस.

मग त्याचे हात कळांवरून खाली आले.

जानेवारीपर्यंत हे क्रमांक तिरप्या रेघा घालून लिहिले जात. शून्य, रेघ, ई, रेघ, सहा, म्हणजे भाग, ओळ आणि कबर. पंचायतीने लेबलं छापायचं नवं यंत्र घेतलं, त्याला त्या रेघा चालेनात, म्हणून आल्बानोने एका दुपारी सगळ्या रेघा काढून टाकल्या. अंक, अक्षर, अंक, असं सलग केलं. मग पहिल्या भागातल्या दहा-बारा कबरी शोधून पाहिल्या, बरोबर आल्या, आणि तो घरी गेला होता.

मोठे आकडे थोडक्यात लिहायची एक पद्धत असते, ती त्याला अभ्यासक्रमातच शिकवली होती. दोन अंकांमध्ये ई घातला, तर पुढच्या अंकाइतकी शून्यं मागच्या अंकावर चढवायची. संगणक हे जाणतो, आणि कोणी न सांगता तसा अर्थ लावतो. एक-ई-सहा त्याने दहा लाख मानलं, एक-ई-दोन शंभर मानलं. दोन्ही वेगळे, म्हणून तिथे काही बिघडलं नाही. पण शून्यावर सहा शून्यं चढवली काय आणि एक चढवलं काय, उत्तर शून्यच. चॅपलजवळचा सगळ्यांत जुना तुकडा क्रमांक घालण्याआधीपासूनचा, म्हणून त्याला शून्य भाग म्हणत. त्यातल्या अ, ब, क, ड या ओळी ठीक होत्या. फक्त ई ओळ, बारा कबरींची, संगणकाला एकच कबर वाटत होती. कुठलीही मागितली की तो ओळीतली पहिली काढून देत होता.

म्हणजे बेल्मिराने वाढवलेली मुदत तेलेसला मिळाली. कुस्तोदियोची मुदत संपली. नोटीस निघाली, तीही तेलेसच्या पत्त्यावर, त्या कुलूप लावलेल्या दाराच्या आत. आणि ऑक्टोबरच्या मध्यावर कंत्राटदाराची माणसं येऊन ई ओळीतल्या मुदत संपलेल्या कबरी उकरून गेली.

त्याला फेब्रुवारीतली ती सकाळ आठवली. बेल्मिरा याच खिडकीत उभी होती. शून्य, ई, सहा, असं तिने म्हटलं होतं, जपमाळ ओढताना म्हणतात तसं, एकेक शब्द सुटा. त्याने तो क्रमांक तिच्यामागून म्हटलाही होता. मग कळा दाबल्या आणि जे छापून आलं त्यावर सही ठोकली. आलेलं वाचलं नाही. आपल्या प्रोग्रामने छापलेलं वाचायची गरज त्याला कधी वाटत नसे.

पण त्याच्या कानात घुमत होतं ते दुसरंच. 'वय झालं की आकड्यांची गल्लत होतेच.' किती मायेने म्हणालो आपण ते, असं त्याला वाटलं, आणि कान तापले. खोलीत कोणी नव्हतं, तरी त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

आधी तो दफनभूमीत गेला. तिथला खणणारा झेफेरिनो गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे महिनाभर रजेवर होता, नुकताच कुबडी घेऊन कामावर आला होता. आपल्या पाठीमागे काय झालं हे त्यालाही आज सकाळीच, बेल्मिराचा चेहरा बघून कळलं होतं. त्याने आल्बानोला अवजारांच्या शेडमध्ये नेलं. कुदळी-फावड्यांशेजारी तीन पांढऱ्या पिशव्या ठेवल्या होत्या. प्रत्येकीला तारेने लेबल बांधलेलं. तिन्ही लेबलांवर एकच अंक होता: शून्य.

ती लेबलं आल्बानोनेच छापून लिफाफ्यात घालून कंत्राटदाराला दिली होती. छापतानाही यंत्राने क्रमांकांचं शून्यच केलं होतं, आणि लिफाफा बंद करताना त्याने ती पाहिली नव्हती.

"यातला कुस्तोदियो कोणता?" झेफेरिनोने विचारलं.

आल्बानोला सांगता येईना.

तिथूनच त्याने पंचायतीच्या अध्यक्ष लियोनिल्दे यांना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. वाईट झालं म्हणाल्या. पंचायत तिची माफी मागेल, संगणकात बिघाड झाला असं लिहू, तू त्यात स्वतःचं नाव घालू नकोस, इतकी वर्षं काम केलंस, यंत्र आहे, बिघडायचंच, असं त्या म्हणाल्या. आल्बानोला क्षणभर बरं वाटलं. मग, बरं वाटलं याचीच त्याला लाज वाटली.

बेल्मिराच्या घरी तो पोचला तेव्हा जेवणाची वेळ होती. पाव कुस्करून घातलेल्या सुपाचा लसूण-कोथिंबिरीचा वास अंगणापर्यंत येत होता. वाल्देमार टेबलाशी बसून फोनवर काही फोटो बघत होता. जाडजूड, थकलेला माणूस, बंदरात क्रेन चालवून पाठ धरलेला.

"ये, बस," तो म्हणाला. "तू तरी समजाव हिला." त्याने फोन पुढे केला. सेतुबालजवळच्या एका वृद्धाश्रमाचे फोटो होते: बाग, खिडकीतून दिसणारा समुद्र. तिथे एक जागा रिकामी झाली होती आणि आठवड्यात कळवायचं होतं. आई आता एकटी राहू शकत नाही, हे आज सिद्धच झालं, असं त्याचं म्हणणं होतं. बाबांची कबर कोणती हेसुद्धा तिला धड सांगता आलं नाही. उद्या गॅस चालू ठेवून झोपेल.

बेल्मिरा त्यांच्याकडे पाठ करून चुलीशी उभी होती. ती डावाने सूप ढवळत राहिली.

आल्बानो बसला नाही. "मला आधी बोलू दे," तो म्हणाला. "तिने क्रमांक बरोबर सांगितला होता. चूक माझी आहे."

वाल्देमारने हात झटकला. "यंत्राची असेल. तुझी कशी?"

"यंत्र मी सांगितलं तेच करतं. सांगताना मी चुकलो."

आणि तो समजावून सांगू लागला. मधला ई यंत्राला अक्षर वाटलाच नाही, पुढे किती शून्यं चढवायची याची ती खूण वाटली, हे सांगितलं. एकावर सहा शून्यं चढवली तर दहा लाख होतात, आणि शून्यावर सहा चढवली तरी शून्यच राहतं, हे सांगितलं. बोलता बोलता आपण शाळेत धडा म्हणून दाखवतोय असं त्याला वाटायला लागलं, तेव्हा तो थांबला आणि म्हणाला, "मावशी, तुमची अख्खी ओळ त्याला एकच कबर दिसत होती. मी ती ओळ तपासून बघायला हवी होती. बघितली नाही."

बेल्मिरा वळली. हातात डाव तसाच होता. "म्हणजे मी सहा म्हणाले होते?"

"सहाच म्हणाला होतात."

"तुला आठवतंय? का माझं मन राखायला सांगतोयस?"

"आठवतंय. शून्य, ई, सहा. मी तुमच्यामागून म्हटलंही होतं."

वाल्देमार त्याच्याकडे बघत होता. "मग आज सकाळी आईला वय झालंय म्हणालास," त्याने सावकाश विचारलं, "ते काय यंत्राने सांगितलं होतं?"

"नाही," आल्बानो म्हणाला. "ते मीच म्हणालो."

सूप उतू जायला आलं तसं बेल्मिराने चूल बारीक केली. मग मुलाकडे बघून ती एवढंच म्हणाली, "ऐकलंस?" वाल्देमारने फोन पालथा घालून ठेवला. तोही सकाळी तेच म्हणाला होता, आणि एकदा नाही.

"जेवला नसशील तू," बेल्मिरा आल्बानोला म्हणाली. "बस."

त्याला तिथून पळून जावंसं वाटत होतं. नाही म्हणायचं धैर्य झालं नाही. तो बसला आणि तिने वाढलेलं सगळं जेवला. ती दोघंही त्याच्याबरोबर जेवली. ते जेवण त्याला जितकं जड गेलं, तितकी तिने दिलेली शिवीही गेली नसती.

जेवण आटोपल्यावर तिघं दफनभूमीत गेली. झेफेरिनोने शेडचं दार उघडलं. बेल्मिरा पिशव्यांसमोर उभी राहिली. तिने एकेक उघडून पाहिली, फार वेळ नाही. मातकट, तपकिरी हाडं, तिन्हींत सारखीच. काही खूण सापडेल अशी आशा आल्बानोला होती. काही सापडलं नाही.

त्याने सांगितलं की एव्होराच्या प्रयोगशाळेत तपासणी करता येते. वाल्देमारचं रक्त घेतील, ताडून बघतील. काही महिने लागतील. सगळं पंचायत करेल, पंचायतीने नाही केलं तर तो स्वतः करेल.

"आणि तोवर?" बेल्मिराने विचारलं.

तोवर पिशव्या सीलबंद करून इथे ठेवाव्या लागतील, असं त्याला सांगावं लागलं.

"संतांच्या सणाला माझा नवरा फावड्यांशेजारी," ती म्हणाली. मग विचारलं, "बाकीची दोघं कोण?"

एक बाल्ताझार, शेळ्या पाळायचा तो. दुसरी एर्सिलिया, लोकांचे कपडे इस्त्री करून द्यायची ती. दोघांच्याही मागे कोणी उरलं नव्हतं, त्यांची मुदत खरोखरच संपली होती.

बाल्ताझारचं नाव ऐकून वाल्देमारच्या तोंडून हसू फुटलं आणि त्याने ते लगेच दाबलं. बाल्ताझारच्या शेळीने कुस्तोदियोचा मळा खाल्ला होता, आणि त्यावरून दोघं मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नव्हते. एकाने कॉफीच्या दुकानात पाय ठेवला की दुसरा उठून जायचा.

"तिघांनाही सहामध्ये घाला," बेल्मिरा म्हणाली.

झेफेरिनोला वाटलं त्याने नीट ऐकलं नाही. "बाल्ताझारलासुद्धा?"

"आता दोघांपैकी कोणालाच उठून जाता येणार नाही. बोलतील."

"आणि एर्सिलिया? परकी बाई, मावशी."

"परकी कशी? त्याच्या लग्नातला शर्ट तिनेच इस्त्री केला होता." मग ती आल्बानोकडे वळली. "त्यात तो आहे ना? तिघांत मिळून?"

"आहे," आल्बानो म्हणाला. "तेवढं नक्की."

"मग झालं."

वाल्देमारने वाकून एक पिशवी उचलली. झेफेरिनोला कुबडीमुळे उचलता येईना, म्हणून उरलेल्या दोन्ही आल्बानोने घेतल्या. ओझं होईल असं त्याने गृहीत धरलं होतं. पिशव्या फार हलक्या होत्या. चॅपलपर्यंतच्या वाटेवर त्या पायांना लागू नयेत म्हणून त्याने दोन्ही हात अंगापासून दूर धरले होते.

त्या रात्री पिशव्या चॅपलमध्येच राहिल्या; तिघांना सहामध्ये पुरायच्या परवानगीचं काम लियोनिल्दे यांनी दुसऱ्याच दिवशी करून दिलं. त्या सकाळी आल्बानोने प्रोग्रामही दुरुस्त केला. दोन क्रमांक आकडे समजून ताडायचे नाहीत, अक्षरं समजून ताडायचे, एवढंच यंत्राला सांगायचं होतं. एक ओळ बदलावी लागली. बाजूला ओतून ठेवलेली कॉफी तेवढ्यात निवलीसुद्धा नाही. काम याहून मोठं असतं, दिवसरात्र राबावं लागलं असतं, तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. मग त्याने पूर्ण दफनभूमी, ओळ न ओळ, हाताने तपासली. दुसरी चूक निघाली नाही.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. लोक त्याला धीर देत. कॉफीच्या दुकानात कोणी पाठीवर थाप मारून म्हणे, यंत्रच ते, तू काय करणार. तो दर वेळी म्हणे, यंत्र नाही, मी. पहिल्यांदा लोकांना तो मोठेपणा वाटला, मग विक्षिप्तपणा वाटला, आणि मग कोणी विषय काढेनासं झालं. पंचायतीच्या माफीपत्रात 'संगणकातील बिघाड' असं आलं होतं. त्याने ते खोडून 'कारकून आल्बानो याच्या चुकीमुळे' असं लिहून पुन्हा टाइप केलं. लियोनिल्दे यांनी ते वाचलं, त्याच्याकडे पाहिलं आणि सही केली. वाल्देमारने ते पत्र आईला वाचून दाखवलं. वृद्धाश्रमाला त्याने 'नाही' असं कळवलं नाही, पण 'हो' असंही कळवलं नाही. नाताळनंतर बघू, असं तो म्हणाला.

संतांच्या सणाच्या दिवशी ऊन पडलं होतं. सगळा गाव दफनभूमीत होता. शेवंतीच्या कुंड्या, मेणबत्त्या, दगड घासण्याचे आवाज, लांबच्या शहरांतून आलेली नातवंडं. आल्बानो आईवडिलांच्या कबरीवर फुलं ठेवून लगेच निघाला होता. भिंतीच्या कडेकडेने फाटकाकडे जात होता, म्हणजे चॅपलवरून जावं लागू नये.

बेल्मिराने त्याला लांबून हाक मारली. सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

ई ओळीत सहाव्या जागी ताज्या मातीचा उंचवटा होता. त्यावर शेवंतीच्या तीन जुड्या होत्या, तिन्ही सारख्या आकाराच्या. वाल्देमार गुडघ्यांवर बसून कडेचे खडे वेचत होता. आजूबाजूच्या कबरींवरची माणसं बोलायची थांबली होती.

बेल्मिराने पत्र्याची झारी त्याच्यापुढे धरली. "पाणी संपलं बघ," ती म्हणाली. "भरून आण."

नळाशी रांग होती. गावातली निम्मी माणसं तिथे बादल्या, डबे घेऊन उभी होती. त्याला बघून त्यांनी थोडी जागा केली, पुढे जा म्हणाली. आल्बानोने नकारार्थी मान हलवली आणि रांगेच्या शेवटी जाऊन झारी हातात धरून उभा राहिला.